पिवळा रकाना

सात आठवडे तो रकाना मी पिवळाच ठेवला.
हिरवा करण्याइतका निगरगट्ट नव्हतो,
लाल करावा तर
चौथ्या मजल्यावर जावं लागलं असतं.
आणि पुण्यात पिवळ्याला थांबतं कोण?
नाशिक फाट्याला उभं राहून बघा,
पिवळा पडला की माणसं उलट मूठ पिळतात.

भोसरीच्या इनामदारांचा साचा
चौदा जुलैला पहिल्यांदा तडकला.
केसाएवढी रेघ.
हेमलता कुदळेनं टॉर्च धरून दाखवली,
म्हणाली, सर, ही वाढणार.
मी म्हणालो, बघू.

'बघू' मी इतक्यांदा म्हणालो त्या दिवसांत
की त्या शब्दाचाही साचा झिजला असेल.

इनामदार माणूस सज्जन.
फोन केला की म्हणायचे, साहेब, सोमवारी.
सोमवार यायचा.

खरं कारण वेगळंच होतं.
शाळेत बाईंना नावं सांगणारा एक मुलगा होता,
आम्ही त्याला चहाडखोर म्हणायचो,
मधल्या सुट्टीत वाळीत टाकायचो.
तो मला रोज भेटायचा
चाकणच्या ऑफिसच्या पहिल्या पायरीवर,
एकटाच डबा खात.
मी मागे फिरायचो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी रोज महाग होत गेली.
ऑगस्टअखेर ती बेचाळीस लाखांची झाली
आणि झाकायला दुसरा हात लागू लागला.

गेट नंबर दोनच्या टपरीवर
कटिंगमध्ये बघत कुदळे म्हणाली,
साचा सांधता येईल का, ते मी सांगते.
रात्रपाळी लावायची का, ते तुम्ही सांगा.
पण नवा साचा घ्यायचा
की गिऱ्हाइकाकडे तारीख मागायची,
यावर आपल्या दोघांतल्या कुणाची सही चालते?
दुसऱ्याच्या नावाचं पार्सल आहे हे, सर.
आपण घरात ठेवून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी गेलो.
तेवीस स्लाइड होत्या माझ्याकडे:
आलेख, पत्रव्यवहार,
इनामदारांच्या मुलीचं लग्नसुद्धा.
ढमढेरे बाईंनी पहिलीवरच थांबवलं.
किती, असं नाही विचारलं.
कुणामुळे, असंही नाही.
म्हणाल्या, कधीपासून?

चौदा जुलै, मी म्हणालो.
बाहेर कुणीतरी प्रिंटरला चापट्या मारत होतं.
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
चौदा जुलैला माझ्याकडे तीन रस्ते होते, त्या म्हणाल्या.
राजकोटचा साचेवाला मोकळा होता.
गिऱ्हाइकाचा माणूस मायदेशी गेला नव्हता.
आज तुम्ही मला नुसती बातमी आणून दिलीत.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उतरताना पायऱ्या मोजल्या. अठ्ठ्याहत्तर.
लिफ्टही होती खरं तर.

आता नव्या कामाच्या तक्त्यात
रंगाशेजारी एक रकाना वाढवलाय:
हे कुणाच्या हातातलं?
माझ्या असलं तर मी जागतो त्यापायी.
नसलं तर त्याच दिवशी वर.
चुकतोही.
परवा एका गास्केटसाठी धावत गेलो,
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
हे तुमचं, म्हणाल्या, घेऊन जा.
कान गरम झाले. पण चहा पाजला त्यांनी.

काल रात्री पावणेबाराला
कुदळेचा मेसेज आला:
सर, कूलंटचा दाब जरा खाली येतोय,
नक्की काही नाही अजून, उगाच तर नाही ना कळवलं?
अंथरुणात उठून बसलो.
बोटांनी आपोआप 'ब' लिहिला होता,
तो खोडला.
विचारलं, कधीपासून?

आत्ता, सर.
चार मिनिटं झाली.